वाचकांचे प्रश्न : कानाची पाळी, घारे डोळे आणि ऊन

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर पोपटाच्या पिसांच्या रंगाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की माणसाच्या कातडीचा रंग पूर्वजांचं गाव सांगत नाही, फार तर त्यांच्या डोक्यावर किती ऊन होतं ते सांगतो. त्या वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी पोपटांवर आली नाहीत. संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे कराडला पाठवून दिला. कुणी रागावलंय, कुणी हळवं झालंय, एका आजोबांनी तर आठ पानं लिहिलीत. त्यातली चार पत्रं इथे घेते. नावं मुद्दामच छापलेली नाहीत, कारण दोन पत्रांत घरातल्या माणसांविषयी तक्रार आहे.

बाई, काळा रंग उष्णता शोषून घेतो असं आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मग जिथे कडक ऊन तिथली माणसं काळी आणि जिथे बर्फ तिथली गोरी, हे उलटं कसं? निसर्गाचं काही चुकलं का?
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, जत

शाब्बास! एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं, पण वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारायला मी फारसा वाव दिला नसावा.

निसर्गाचं चुकलेलं नाही. ऊन म्हटलं की आपल्याला उकाडा आठवतो, तिथे आपली गल्लत होते. कातडीचा रंग उकाड्याने ठरला नाही. तो उन्हातल्या अतिनील किरणांनी ठरला. हे किरण दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही लागत नाही. तुमच्या भागात फौजेत गेलेली माणसं पुष्कळ असतील. लडाखला पोस्टिंग झालेला कुणी सुट्टीवर आला की त्याचा चेहरा बघ. भर थंडीत राहूनही रापलेला असतो. उंचावर हवा गार, पण विरळ. त्यामुळे हे किरण जास्तच पोहोचतात.

काळी कातडी थोडी जास्त तापते हे खरं आहे. पण उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची, आणि ती गोरी-काळी दोन्ही कातडी सारखीच शोषतात. शिवाय माणसाइतका घाम दुसऱ्या कुठल्या माकडाला येत नाही. त्यामुळे तापण्याचा तोटा किरकोळ. फायदा मात्र मोठा आहे.

कातडीतल्या काही पेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. अशा पेशी सगळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात, कोणत्या जातीचं बनवतात आणि ते कसं पसरतं यात. मेलॅनिनचे कण शेजारच्या पेशीत जातात आणि तिच्या केंद्रकावर टोपीसारखे जमून बसतात. बायका खुरपायला निघाल्या की डोक्यावर पदर घेतात ना, तसंच. आतला डीएनए किरणांपासून वाचतो.

डीएनए बिघडला की कातडीचा कर्करोग होऊ शकतो. पण तो बहुधा उतारवयात होतो, मुलंबाळं झाल्यावर. उत्क्रांतीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिला काळजी बाळ जन्माला येण्याची. इथे फोलेट नावाचं जीवनसत्त्व येतं, तुझ्या ताटातल्या मेथीत आणि पालकात असतं ते. पोटातल्या बाळाचा मणका पहिल्या काही आठवड्यांत नीट जुळायला ते लागतं. १९७८ मध्ये ब्रॅंडा आणि ईटन या दोघांनी माणसाचा रक्तद्रव बाटलीत घेऊन उन्हासारख्या प्रकाशात ठेवला. तासाभरात त्यातलं ३० ते ५० टक्के फोलेट गेलं. कातडीखालून रक्त सतत वाहत असतं, तेव्हा वर दाट पडदा असलेला बरा.

आता उलट बाजू. याच किरणांतल्या एका भागाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर हाडं वाकतात, त्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. उत्तरेकडे सरकावं तसे हे किरण तुटपुंजे होतात, आणि दाट पडद्यातून तेवढे पुरत नाहीत. म्हणून तिथे फिकी कातडी टिकली. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या जोडप्याने २००० साली नासाच्या उपग्रहाने मोजलेले अतिनील किरण आणि ठिकठिकाणच्या स्थानिक लोकांच्या कातडीची मोजमापं शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींचा मेळ इतका चांगला बसला की किरणांच्या नकाशावरून रंगाचा नकाशा काढता यावा.

काढता यावा म्हणाले, पण अपवाद आहेत, आणि परीक्षेत नाही तरी आयुष्यात अपवादच कामाला येतात. ग्रीनलंडचे इन्युइट लोक अक्षांशाच्या मानाने बरेच सावळे. मासे, सील, देवमाशाची चरबी असं ते खातात, त्यामुळे ड जीवनसत्त्व ताटातूनच मिळतं. दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ राहणारे मूलनिवासी कांगोतल्या लोकांइतके काळे नाहीत, कारण त्यांचे पूर्वज त्या खंडात अलीकडे आले. अलीकडे म्हणजे पंधरा-वीस हजार वर्षांच्या हिशोबात. आणि टास्मानिया पार ४२ अंश दक्षिणेला, तरी तिथले मूळ रहिवासी काळेच. म्हणजे ऊन आहेच, पण सोबत आहार आहे, मुक्काम किती दिवसांचा आहे, आणि नशीबही आहे.

आणखी एक. आपले पूर्वज आधीपासून काळे होते असं नाही. चिंपांझीच्या केसांखालची कातडी फिकी असते. आपल्या वंशात अंगावरचे केस गेले, उघडी कातडी उन्हात आली, आणि मग ती काळी झाली. जनुकांतल्या फरकांवरून काढलेला एक अंदाज सांगतो, की ही गोष्ट किमान १२ लाख वर्षांपूर्वीची.

प्रयोग करायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या रंगाचं शेडकार्ड आण. फुकट देतात. वर्गातल्या प्रत्येकाच्या दंडाच्या आतल्या बाजूला ते लावून सर्वांत जवळची शेड लिहून काढ. चेहरा घेऊ नकोस, तो रापलेला असतो. संशोधकही दंडाची आतली बाजूच मोजतात. मी दर वर्षी अकरावीला हे करायला लावायचे. 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गठ्ठे करा म्हटलं की वर्गात भांडणं व्हायची, कारण मधे रेघ मारायला जागाच सापडायची नाही.

मला दोन मुली. थोरली गोरी, धाकटी चांगलीच सावळी. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणतात, 'आमच्या घराण्यात असं काळं कुणी नाही.' दुसऱ्या वेळी मी केशराचं दूध नीट घेतलं नाही, असंही म्हणतात. एका आईबापाच्या पोटी इतका फरक कसा?
– एक वाचक, इचलकरंजी

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मी चहा गार करून घेतला. आमच्या घरात मी ती धाकटी आहे.

गुहागर तालुक्यातलं आमचं कोकणस्थांचं घर. माझी बहीण लख्ख गोरी, घारी. मी जन्मले तेव्हा आजीने माझी कानाची पाळी बघितली आणि काही न बोलता खाली ठेवलं, असं आई सांगायची. नव्या बाळाची कातडी फिकी असते, मेलॅनिन पुढच्या काही महिन्यांत वाढत जातं; पण कानाच्या कडेला खरा रंग आधीच डोकावतो. आजी अनाडी होती, निरीक्षण चोख होतं. पुढचा निष्कर्ष तेवढा चुकला. तिने मला वर्षभर मसुराच्या पिठाने चोळलं.

शाळेत आपण मेंडेलचे वाटाणे शिकलो, उंच आणि बुटका, एका जनुकाचा खेळ. रंग तसा चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने मेलॅनिन बनण्यावर परिणाम करणारी १६९ जनुकं दाखवली, त्यातली १३५ आधी या कामासाठी माहीतच नव्हती. सगळ्यांचा वाटा सारखा नसतो. थोडी भारी, बाकीची चिल्लर. यातली कित्येक माणसामाणसांत वेगळी असतात. तुमच्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, यजमानांकडेही दोन. प्रत्येक मुलाच्या वेळी दोघांकडून एकेक उचलली जाते. भिशीच्या चिठ्ठ्या काढाव्यात तसं, पण एकदम शेकडो भिश्यांच्या. थोरलीच्या वाट्याला फिकट करणाऱ्या चिठ्ठ्या जास्त आल्या, धाकटीच्या वाट्याला कमी. तुम्ही दोघं गव्हाळ असाल, तर गव्हाळ माणसाच्या पिशवीत दोन्ही तऱ्हेच्या चिठ्ठ्या असतात. ज्या घरात सगळे एकसारखे गोरेच किंवा काळेच, तिथे भावंडांत फरक कमी पडतो. आपल्याकडे हजारो वर्षं इतक्या लोकांची सरमिसळ झाली आहे, की एकाच पंगतीत तीन रंग बसतात.

'आमच्या घराण्यात असं काळं कुणी नाही' याचा अर्थ एवढाच, की सासूबाईंना आठवतात तेवढ्या लोकांत नाही. किती पिढ्या आठवतात? तीन? दहा पिढ्या मागे गेलं तर एका माणसाचे १,०२४ आजे-पणजे होतात (काही नावं दोनदा येतात, ते सोडा). त्यांतल्या बहुतेकांचा फोटो कुणाकडे नाही. आणि चिठ्ठ्यांचा निम्मा भाग तुमच्या सासूबाईंच्या चिरंजिवांकडून आलाय, हेही एकदा चहा देताना सांगून बघा.

केशराचं. केशराने दुधाला रंग येतो, बाळाला येत नाही. बीजं एकत्र आली त्या क्षणी चिठ्ठ्या निघालेल्या असतात. दूध प्यायचं तर प्यावं, चांगलं असतं. पण बाळंतपणात खरी महत्त्वाची गोळी ती आशाताई फुकट देते ती लाल, लोह आणि फोलिक ॲसिडची. वरच्या उत्तरातलं फोलेट ते हेच. केशराच्या डबीला घरात मखर आणि ती गोळी खिडकीत पडून, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आम्ही कोकणस्थ. घरात बरेच जण गोरे-घारे. लहानपणापासून ऐकत आलो की आपले पूर्वज समुद्रातून आले. आता अमेरिकेतल्या पुतण्याने थुंकी पाठवून डीएनए चाचणी केली, त्यात 'मध्य आशिया' म्हणून काही टक्के निघाले. आम्ही मूळचे बाहेरचे, हे विज्ञानाने सिद्ध झालं असं समजायचं का?
– निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी जिल्हा

नमस्कार. आठ पानं तुमचीच. सगळी वाचली. माझं माहेर तुमच्या शेजारच्या तालुक्यातलं, त्यामुळे परशुरामाने समुद्रातून वाहून आलेल्यांना शुद्ध केलं ती कथा मीही आजीच्या मांडीवर ऐकली आहे. कथा म्हणून मला ती आवडते. पुरावा म्हणून ती सह्याद्रिखंड नावाच्या जुन्या ग्रंथात आहे, हाडांत किंवा रक्तात नाही.

रंगाची गोष्ट एका माशापासून सुरू करते. झेब्राफिश हा आपल्या उपखंडातला ओढ्यानाल्यांतला मासा, बोटाएवढा, अंगावर गडद पट्टे. प्रयोगशाळांत तो ढिगाने पाळतात. त्यात एक फिक्या पट्ट्यांची जात आहे, 'गोल्डन' म्हणतात. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कीथ चेंग यांच्या गटाने शोधलं, की हे एका जनुकाच्या बिघाडाने होतं. त्याचं नाव एसएलसी२४ए५. मग त्यांनी माणसाच्या त्याच जनुकाचा संदेश फिक्या माशाच्या गर्भात घातला, तर पट्टे गडद झाले! माणसात पाहिलं तेव्हा कळलं की या जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनाच्या १११व्या जागेवर ॲलानीनऐवजी थ्रिओनीन येतं आणि कातडी फिकट होते. युरोपात हा बदल जवळजवळ सगळ्यांत आहे. आफ्रिकी आणि युरोपीय रंगातल्या फरकाचा पाव ते एक-तृतीयांश भाग या एका अक्षराने समजतो.

चीन-जपानकडच्या लोकांत हे अक्षर बहुतेक नाही. ते फिकट झाले ते दुसऱ्याच जनुकांतल्या बदलांनी. मुक्काम एक, वाटा दोन. गोरेपणाला एक उगम नाही, हे इथेच दिसतं.

आता आपलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि एस्टोनियातल्या संशोधकांनी मिळून २०१३ मध्ये दाखवलं, की भारतात सापडणारं ते फिकट अक्षर आणि युरोपातलं अक्षर एकाच मूळ बदलातून आलेलं आहे, आणि त्याचं वय अंदाजे २२ ते २८ हजार वर्षं. भारतात ते उत्तरेला आणि वायव्येला जास्त, दक्षिणेला कमी, पण अमुक जातीत आहे आणि तमुकांत अजिबात नाही, असा चोख हिशोब निघत नाही. हा बदल घडला तेव्हा कुठेच शेती नव्हती, संस्कृत नव्हती, युरोपात गोरी माणसंही नव्हती. तुमच्याकडच्या त्या फिकट अक्षराला एक पूर्वज आहे खरा, पण तो रत्नागिरीतल्या सावळ्या माणसाचाही पूर्वज असण्याची दाट शक्यता आहे. त्या सावळ्या माणसाच्या चिठ्ठ्यांत ते अक्षर निघालं नसेल, एवढंच.

युरोपात गोरी माणसं नव्हती म्हटलं, त्यावर तुम्ही नवव्या पानाचं पत्र लिहाल, म्हणून आधीच सांगते. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या एका गुहेत १९०३ मध्ये एक सांगाडा मिळाला, चेडर मॅन म्हणतात त्याला, सुमारे दहा हजार वर्षं जुना. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून अंदाज जाहीर झाला: कातडी गडद ते काळी, डोळे निळे. स्पेनमधल्या ला ब्रान्या इथला सात हजार वर्षांपूर्वीचा माणूसही तसाच, गडद कातडीचा आणि निळ्या डोळ्यांचा. दोघांकडेही ते फिकट अक्षर नव्हतं. पुढे तुर्कस्तानाकडून शेतकरी आले, त्यांच्याबरोबर ते अक्षर पसरलं. इंग्रज साहेब गोरा झाला तो बाहेरून आलेल्यांमुळे, असंही म्हणता येईल.

आणि डोळे. निळ्या किंवा घाऱ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य नसतंच. बुबुळात मेलॅनिन कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि तसा रंग दिसतो, आकाशासारखा. त्याचं बटण मुख्यतः दुसऱ्याच एका जनुकापाशी आहे. म्हणून काळी कातडी आणि फिके डोळे एकत्र येऊ शकतात, चेडरच्या माणसासारखे. डोळे एका चिठ्ठीवर, कातडी दुसरीवर. 'गोरा-घारा' हा जोडशब्द आपल्या भाषेत आहे, पेशीत नाही.

पुतण्याच्या अहवालाबद्दल. या कंपन्या तुमच्या डीएनएचे तुकडे आजच्या निरनिराळ्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघतात आणि 'कुणासारखं जास्त दिसतं' याचे टक्के देतात. साठ्यात नमुने बदलले की टक्के बदलतात. 'मध्य आशिया' याचा अर्थ तुमचे खापरपणजोबा समरकंदहून निघाले असा नाही. पुरातन हाडांतून मात्र जास्त भक्कम माहिती मिळाली आहे. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या उत्खननात हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी मिळालेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्य आशियाकडून इथे आलेल्या, गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. आज तो बहुतेक भारतीयांत कमीजास्त आहे. कुणात जास्त, कुणात नावापुरता. म्हणजे बाहेरचे असलो तर थोडेथोडे आपण जवळजवळ सगळेच, आणि आतले असलो तरी सगळेच. तुम्हाला वेगळी खोली मिळणार नाही, माफ करा.

रंग किती फसवतो याचं उदाहरण तुमच्याच किनाऱ्यावर आहे. मुरूडला जंजिरा बघायला जाता तेव्हा तिथले सिद्दी आठवा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. सीसीएमबीच्या लोकांनी गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा डीएनए २०११ मध्ये तपासला तेव्हा ६० ते ७५ टक्के अंश आफ्रिकी निघाला, बाकीचा बराचसा इथलाच. आता अंदमानचे ओंगे घ्या. तेही काळे, केस तसेच बारीक कुरळे. शेजारी उभे केले तर कुणीही म्हणेल, एकाच कुळातले. डीएनए बघितला तर ओंगे आफ्रिकेच्या जवळ नाहीतच. त्यांची सोयरीक आशियातल्या लोकांशी. तुम्ही आणि ओंगे हे सिद्दींच्या आफ्रिकी पूर्वजांपेक्षा एकमेकांना जवळचे. पटायला जड जातं, मलाही गेलं होतं. ऊन सारखं राहिलं म्हणून रंग सारखा राहिला, एवढंच.

तुमच्या सहाव्या पानावर कवट्यांची मापं आहेत, त्याविषयी एकच गोष्ट. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, नाझींना पुढे ज्यांची विद्या उपयोगी पडली ते. युरोपीयांची कवटी इतरांपेक्षा वेगळी, डावी-उजवी बाजू कमी-जास्त असलेली, आणि म्हणून मेंदू वरचढ, असं त्यांना दाखवून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि असा काही संबंध सापडत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर, विशी-पंचविशीतल्या मुलीने. त्यांचं घरही कोकणस्थांचंच होतं, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते.

बाई, मी लग्नानंतर स्वीडनला, गोथेनबर्गला आले. बाळ चार महिन्यांचं आहे. इथल्या नर्सने ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि तुमच्या बाळाला ते दोन वर्षांनंतरही चालू ठेवा म्हणाली. रंगावरून असं वेगळं सांगणं मला खटकलं. आई म्हणते, थेंब कशाला, कोवळ्या उन्हात तेल लावून ठेव.
– एक वाचक, गोथेनबर्ग (माहेर पुणे)

अगं, खटकणं समजू शकते, पण नर्सचं बरोबर आहे. तिथे दोन वर्षांपर्यंत सगळ्याच बाळांना थेंब देतात. सावळ्या कातडीच्या बाळांना पुढेही सांगतात, कारण त्यांचा पडदा दाट आणि ऊन तोकडं.

तुझी आई पुण्याच्या उन्हाबद्दल बोलते आहे. पुणे साडेअठरा अंशांवर, गोथेनबर्ग जवळजवळ ५८ वर. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅनडातल्या, साधारण साडेत्रेपन्न अंशांवरच्या एडमंटन शहरात ऑक्टोबर ते मार्चपर्यंत उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व बनलंच नाही. तू त्याच्याही उत्तरेला आहेस. डिसेंबरात बाळाला तेल लावून खिडकीत ठेवलंस तर सर्दी होईल, बाकी काही नाही. शिवाय काचेतून ते किरण आत येतच नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत ग्लासगोत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांत मुडदूस फार दिसू लागला होता, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना हे नव्याने शिकावं लागलं. हजारो वर्षं एका उन्हाखाली मुरलेली कातडी विमानाने नऊ तासांत दुसऱ्या उन्हाखाली गेली तर हिशोब चुकणारच. तो थेंबांनी भरून निघतो.

तुझी स्वतःचीही तपासणी करून घे, अंगावर पाजतेस म्हणून. आणि पुण्यात ऊन असून काय होतं म्हणा. सकाळी आठला एसी गाडीत बसून संध्याकाळी सातला बाहेर येणाऱ्या माझ्या भाच्यालाही डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली आहे.

ता. क. मध्ये तू लिहिलं आहेस, की आई रोज व्हिडिओ कॉलवर बाळाचा कान जवळ आणून दाखवायला सांगते. दाखव. पण थेंब दिलेस का, हे तिने आधी विचारायला हवं, असं माझ्या नावाने सांग.